पट्टीवर न येणारी उधळण

बेदाण्याचे सौदे ज्यानं बघितलेत, त्याला उधळण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. व्यापारी मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर चोळून बघतो, दोन-चार तोंडात टाकतो आणि उरलेला बॉक्सात परत न टाकता तिथंच सोडून पुढं जातो. त्याच्यामागून दुसरा येतो, मग तिसरा. सौदा संपेपर्यंत खाली बेदाण्याचा सडा पडलेला असतो. शेतकऱ्याच्या हातात विक्रीच्या हिशेबाची जी पट्टी येते तिच्यावर हमाली असते, तोलाई असते, आधी घेतलेली उचल वजा झालेली असते. उधळण मात्र कुठल्याच ओळीत नसते. तासगावात, सांगलीत शेतकरी यावरून कित्येकदा भांडलेत, आणि माझं मत विचाराल तर कमीच भांडलेत.

गेल्या जुलैत आप्पा आमच्या ऑफिसात आले. आप्पा माझे चुलते, मणेराजुरीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, २०१९ साली निवृत्त झाले; द्राक्षबाग आता मुलगा बघतो. मी सांगलीत एका करसल्लागाराकडं रिटर्न भरायचं काम करते. जुलैमध्ये आमच्याकडं माणसं वर्षभराची कागदं पिशवीत कोंबून आणतात आणि टेबलावर ओततात. आप्पांच्या पिशवीतून पेन्शनचा फॉर्म निघाला, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, विम्याची एक चकचकीत फाइल आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका.

स्टेटमेंट बघता बघता मी सहज विचारलं, "आप्पा, यात तुमचं वर्षाला किती कापतात?"

"काही कापत नाहीत गं. बँकेतलं पोरगं लई चांगलंय. एक रुपया फी घेत नाही. उलट दिवाळीला घरी येऊन डायरी देऊन जातंय."

हेच आप्पा तरुणपणी तासगावच्या सौद्यात एका व्यापाऱ्याचा हात धरून "मुठीतला माल बॉक्सात टाक" म्हणाले होते. ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. त्या माणसाला स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाची उधळण दिसली नव्हती, आणि त्यात त्यांची चूक फारशी नाही. ती दिसू नये अशीच तिची रचना आहे.

फंडाचं आधी बघू. म्युच्युअल फंड चालवायला खर्च येतो: मॅनेजरचा पगार, ऑफिस, जाहिरात, हिशेब ठेवणाऱ्या कंपनीचे पैसे आणि तुम्हाला फंड विकणाऱ्याचं कमिशन. हा सगळा खर्च मिळून वर्षाला तुमच्या रकमेच्या किती टक्के, त्या आकड्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात. आता गंमत अशी की हे पैसे तुमच्या खात्यातून वजा झालेले कधीच दिसत नाहीत. फंड रोज संध्याकाळी आपली एकूण मालमत्ता मोजतो, वर्षाच्या खर्चाचा त्या दिवसाचा हिस्सा बाजूला काढतो आणि मग उरलेल्या रकमेला युनिटांनी, म्हणजे फंडाच्या सारख्या वाट्यांनी, भागून भाव जाहीर करतो. त्या भावाला आपण एनएव्ही म्हणतो. म्हणजे तुमच्यापर्यंत भाव पोचतो तोच कापून पोचतो. बॉक्सचं वजन उधळण झाल्यावर केलं, तर पट्टी कशी अगदी बरोबर दिसेल, तसं.

आप्पांचे आठ लाख ज्या शेअरच्या फंडात होते त्याचा खर्च वर्षाला १.८ टक्के होता. आठ लाखांवर १४,४०० रुपये. रोजचे साधारण ४० रुपये. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं फिरवला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"रोज?"

"रोज. रविवारी पण."

"आणि बाजार पडला तर?"

"तरी पण."

इथं आडतीपेक्षा कोल्ड स्टोअरेजचं भाडं जास्त जवळचं उदाहरण आहे. आडत माल विकला तरच लागते. कोल्ड स्टोअरेजवाला मात्र भाव चढो की पडो, बॉक्स आत आहे तोवर भाडं लावतो. फरक एवढाच की तिथं भाडं बॉक्सावर असतं, मालाच्या किमतीवर नसतं. बेदाण्याचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी भाडं दुप्पट करत नाही. फंडात खर्च टक्क्यात असल्यामुळं तुमचे आठ लाख सोळा झाले की कापले जाणारे रुपयेही दुप्पट होतात. तुमच्या एका खात्यासाठी करायचं काम तेवढंच राहतं. सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, या खर्चाला वरची मर्यादा घातली आहे आणि फंडाचा आकार वाढत जाईल तशी ती खाली येते, हे खरं. तरीपण मर्यादा म्हणजे छत. त्याच्या खाली कोण कुठं उभं आहे ते तुम्हालाच बघावं लागतं.

पूर्वी हे निदान दिसायचं तरी. २००९ च्या ऑगस्टपर्यंत फंडात पैसे घालतानाच एंट्री लोड कापला जायचा, शेअरच्या फंडात साधारण सव्वादोन टक्के. लाख रुपये दिले तर ९७,७५० गुंतायचे. लोक कुरकुरायचे, कारण आकडा डोळ्यासमोर असायचा. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीनं तो बंद केला. चांगलं झालं. पण त्यानंतर "आता फंडात काही कापत नाहीत" असा जो समज पसरला तो आजपर्यंत गेलेला नाही. दिसणारी कपात गेली आणि न दिसणारी राहिली.

२०१३ च्या १ जानेवारीपासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवणं बंधनकारक झालं. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच. मधल्या विक्रेत्याचं कमिशन तेवढं वगळलेलं. म्हणून डायरेक्टचा खर्च कमी. आप्पांच्याच फंडाचा डायरेक्ट प्लॅन ०.८ टक्क्याचा होता. जे मधल्या माणसामार्फत घेतात त्याला रेग्युलर म्हणतात. हे नाव ज्यानं कोणी ठेवलं त्याला माझा नमस्कार. रेग्युलर म्हटलं की माणसाला वाटतं हेच बरोबर, दुसरं काहीतरी वेडंवाकडं.

एक टक्क्यानं काय होतंय, असं आप्पाही म्हणाले. व्याजावर व्याज शाळेत शिकवलेला माणूस. मी त्यांच्या मुलाचं उदाहरण काढलं. त्याची महिना ५,००० ची एसआयपी आहे, म्हणजे दर महिन्याला तेवढे पैसे फंडात जातात. वीस वर्षं चालली तर त्याच्या खिशातून १२ लाख जातात. खर्च वजा जाऊन वर्षाला १२ टक्के पडले असं धरलं तर हातात जवळपास ५० लाख येतात. ११ टक्के पडले तर ४३ लाख ६८ हजार. फरक सव्वासहा लाखांचा. म्हणजे त्यानं वीस वर्षांत भरलेल्या एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त. बारा आणि अकरा हे आकडे मी हिशेबासाठी धरलेत, बाजार तेवढं देईलच असं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण परतावा कितीही येवो, त्यातनं जाणारा एक टक्का ठरलेला आहे.

मग आप्पांनी जो प्रश्न विचारला तो मला सगळ्यात आवडला. "बाकी ऱ्हाऊ दे, त्या पोराला त्यातलं किती मिळतं?"

याचं उत्तर अंदाजानं द्यावं लागत नाही. तुमच्या पॅनवरचे सगळे फंड एकत्र दाखवणारं एक स्टेटमेंट येतं, त्याला कॅस म्हणतात. मार्च आणि सप्टेंबरला सहामाही संपली की जे कॅस येतं त्यात प्रत्येक फंडासमोर विक्रेत्याला दिलेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं आणि फंडाचा सरासरी एक्स्पेन्स रेशोही असतो. सेबीनं २०१६ पासून हे सक्तीचं केलंय. पट्टी आहे, फक्त ती कोणी उघडत नाही. ईमेलवर पीडीएफ येते, पासवर्ड म्हणून पॅन टाकावा लागतो, आणि आकडा असतो बारीक अक्षरातल्या तक्त्यात. आप्पांचा ईमेल म्हणजे पुण्यातल्या जावयाचा ईमेल. जावयाला फोन लावला, त्यानं पाच मिनिटांत पाठवलं. सहा महिन्यांचं कमिशन होतं ३,४०० रुपये आणि वर काही.

आप्पा बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होते. मग म्हणाले, "डायरी साठ रुपयांची असंल."

आता मी त्या पोराची बाजू पण मांडते. कमिशन घेणं हा गुन्हा नाही. म्युच्युअल फंडात २०१८ पासून आगाऊ कमिशन बंद आहे, दरवर्षी थोडं थोडं मिळतं, त्यामुळं तुमचे पैसे टिकले तरच त्याचं टिकतं. २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक, बारा हजारांवरून साडेसात हजारांच्या आसपास आला तेव्हा ज्या एजंटनं घरी येऊन "आत्ता काढू नका" असं सांगितलं आणि गिऱ्हाईक थांबलं, त्यानं त्याचं दहा वर्षांचं कमिशन एका संध्याकाळी कमावलं असं मी मानते. डायरेक्ट घेऊन घाबरून तळाला विकणाऱ्यापेक्षा रेग्युलरमध्ये शांत बसलेला माणूस कधीही फायद्यात. माझी तक्रार कमिशनवर नाहीच. "एक रुपया घेत नाही" या वाक्यावर आहे.

कारण त्या वाक्यामुळं खरा फी घेणारा माणूस महाग वाटायला लागतो. सेबीकडं नोंदलेला गुंतवणूक सल्लागार वेगळा असतो. तो तुमच्याकडून उघड फी घेतो, पावती देतो आणि त्याला फंडाकडून, विमा कंपनीकडून कमिशन घ्यायला बंदी आहे. ठरावीक फी घेत असेल तर ती एका कुटुंबाला वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये, अशी मर्यादाही आहे. साध्या पगारदार घराला त्याच्या जवळपासही जायची गरज नसते. समजा असा कोणी आप्पांना १२,००० म्हणाला असता, तर आप्पांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. आणि १४,४०० मात्र न कळत जात होते. दोघांत ओळखायची खूण सोपी आहे, नोंदणी क्रमांक विचारा. सल्लागाराचा क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, फंड विकणाऱ्याला एआरएन क्रमांक असतो. विक्रेत्यानं स्वतःला सल्लागार म्हणवून घ्यायचं नसतं. व्हिजिटिंग कार्डावर काय लिहिलंय ते एकदा घरी जाऊन बघा.

डायरेक्टमध्ये जायचं असेल तर एक सावधगिरी, कारण हे वाचून कोणीतरी रात्रीच मोबाइल उघडणार. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये बदलणं म्हणजे कायद्याच्या लेखी जुनं विकणं आणि नवं घेणं. शेअरच्या बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे बाहेर पडायचं शुल्क, असतो. नफ्यावर कर लागतो: वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, वर्षानंतर १२.५ टक्के, त्यातही वर्षानंतरच्या नफ्यावर दर आर्थिक वर्षी सव्वा लाखापर्यंत सूट. म्हणून आप्पांचे आठ लाख आम्ही एका दमात हलवले नाहीत. नवे पैसे डायरेक्टमध्ये, जुने दरवर्षी सुटीच्या मर्यादेत बसतील तेवढे.

हे झालं फंडाचं. खरी उधळण चकचकीत फाइलमध्ये होती.

ती पॉलिसी आप्पांच्या मुलाच्या नावावर होती, नातवाच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेली. वर्षाला ५०,००० रुपये, दहा वर्षं भरायचे. विसाव्या वर्षी दहा लाख. "पाच भरा, दहा घ्या, दुप्पट." ऐकायला दामदुप्पट. आपल्याकडं उसाचा दर जाहीर झाला की बांधावरचा माणूससुद्धा पहिलं विचारतो, तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला हातात किती? पॉलिसीला तोच प्रश्न विचारायचा: वर्षाला किती टक्के पडले? या पॉलिसीत उत्तर येतं साधारण साडेचार. तेच ५०,००० दहा वर्षं पीपीएफ या सरकारी बचत योजनेत घातले असते, खातं पुढं चालू ठेवलं असतं आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असं धरलं, तर विसाव्या वर्षी पावणेपंधरा लाखांच्या आसपास झाले असते. पॉलिसीत विम्याचं कवच असतं, पीपीएफमध्ये नसतं, हे मान्य. पण तरुण माणसाला नुसता मुदतीचा विमा वेगळा घ्यायला जे पैसे लागतात ते या पावणेपाच लाखांच्या फरकापुढं किरकोळ आहेत.

मधले पैसे गेले कुठं? काही विम्याच्या जोखमीला, काही कंपनीच्या खर्चाला, आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला चांगला मोठा लचका कमिशनला. बारा वर्षं किंवा जास्त हप्ते असलेल्या अशा पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन द्यायची मुभा होती. २०२३ पासून तर पॉलिसीमागं मर्यादाच नाही, कंपनीच्या एकूण खर्चावर तेवढी आहे. दुसऱ्या बाजूला, पीपीएफवर एजंटाला मिळणारं कमिशन सरकारनं २०११ च्या डिसेंबरपासून बंद केलं. तेव्हापासून तुमच्या घरी येऊन कोणी पीपीएफचं नाव काढलंय? मी एवढ्या वर्षांत एकही असा माणूस बघितला नाही. कुठल्या योजनेचं कौतुक किती मोठ्यानं होतंय, ते त्यात सांगणाऱ्याला पहिल्या वर्षी काय मिळतं यावर बरंच ठरतं.

हे मी आप्पांना शहाणपणानं सांगत होते, पण २०१३ साली मी स्वतः अशीच एक पॉलिसी घेतली होती. वर्षाला २५,०००, पंधरा वर्षं. कर वाचतो म्हणून, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, फॉर्म न वाचता. दोन हप्ते भरले. तिसऱ्या वर्षी बाळंतपण आणि रजा, हप्ता राहिला. त्या वेळी अशा लांब मुदतीच्या पॉलिसीत तीन वर्षं पूर्ण भरल्याशिवाय काहीच परत मिळत नसे. पन्नास हजारांवर पाणी. नवऱ्याला मी हे दोन वर्षं सांगितलं नव्हतं. आता नियम पुष्कळ बरे झालेत: १ ऑक्टोबर २०२४ पासून एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर पहिलं वर्ष संपल्यावर काहीतरी परत मिळायला हवं. आणि नवी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत पटली नाही म्हणून परत करता येते. थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. हे तीस दिवस बहुतेकांचे पेढे वाटण्यात जातात.

युलिपमध्ये, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीत, कापाकापीची नावं जास्त, म्हणून लोक घाबरतात: हप्ता वाटप शुल्क, प्रशासन शुल्क, मृत्युदर शुल्क, फंड व्यवस्थापन शुल्क. मला उलट ते बरं वाटतं. फंड व्यवस्थापनाला तरी वर्षाला १.३५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि नावं कागदावर आहेत. सगळ्यात गप्प असते ती साधी "गॅरंटीड" पॉलिसी, कारण तिच्यात शुल्काची ओळच नसते. जे कापायचं ते आधी कापून उरलेल्याची गॅरंटी दिलेली असते.

झिरो ब्रोकरेज, म्हणजे दलाली नाही, म्हणून मोबाइलवर फ्युचर-ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे, खेळणाऱ्या पोरांबद्दल एकच सांगते. सेबीनं २०२४ साली तीन वर्षांचे आकडे काढले. शंभरातली ९३ माणसं तोट्यात होती, आणि २०२३-२४ या वर्षात माणशी सरासरी २६,००० रुपये नुसते व्यवहाराच्या खर्चात गेले होते.

सोन्यात आपण हुशार असतो. सराफाकडं घडणावळीवर घासाघीस केल्याशिवाय एकही बाई पायरी उतरत नाही. आमच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं तर भारतभर सोनं गाळत फिरली. दुकानातली धूळसुद्धा विकत घ्यायची असते हे त्यांना ठाऊक असतं. तीच माणसं मोबाइलवर डिजिटल सोनं घेताना ३ टक्के जीएसटी आणि घ्यायच्या-विकायच्या भावातलं अंतर बघत नाहीत.

आप्पांच्या मुलाच्या पॉलिसीचे सहा हप्ते भरून झाले होते. बंद केली तर बराच तोटा, चालू ठेवली तर साडेचार टक्के. असं मध्येच सापडलेलं काय करावं याला एक उत्तर नसतं. आत्ता सोडली तर किती मिळतात ते कंपनीकडून लेखी मागवायचं, आणि ते पैसे अधिक उरलेले हप्ते दुसरीकडं किती होतील ते मांडायचं. गेलेल्या हप्त्यांकडं बघून निर्णय घ्यायचा नाही. ते जमिनीवर सांडले. आप्पांनी मुलाला फोन करून आकडा मागवायला सांगितला. तो अजून आलेला नाही.

रिटर्न भरून झालं, पोचपावती छापली. आप्पा कागद पिशवीत भरत होते, लग्नपत्रिका वर ठेवली.

"तुमच्या ऑफिसची फी किती?"

"आठशे."

"घरातल्या माणसाकडनं आठशे?"

"फी साहेबांची आहे आप्पा, माझी नाही."

"मग त्यांना सांग, मास्तरानं सातशे दिले." आणि पाचशेची एक, शंभराच्या दोन नोटा टेबलावर ठेवून पावती मागून घेतली.